पंचबाईंच्या नजरेची लाट

डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी सोलापूरहून धाराशिवला येणाऱ्या एसटीत होते आणि कंडक्टर माझ्या पेटीकडं संशयानं बघत होता. पेटी मांडीवर, पाठपिशवी पायात.

"शिलाई मशीन हाय का?" त्यानं विचारलं.

"नाही. नसा तपासायचं मशीन आहे."

"कुणाच्या नसा?"

"ऑपरेशन चालू असलेल्या माणसाच्या."

त्यानं जरा विचार केला. "मग वर नका ठेवू. मांडीवरच असू द्या," असं म्हणून तो तिकिटं फाडत पुढं गेला.

तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टर म्हणजे मेंदूचे सर्जन. मूळचे आमच्याच भागातले, बरीच वर्षं पुण्यात काढलेली, आता ठरलेल्या दिवशी धाराशिवच्या एका हॉस्पिटलात येऊन ऑपरेशनं करणारे. त्यांच्या मणक्याच्या ऑपरेशनांना मी मशीन घेऊन जायची. पेशंट भुलीखाली असताना त्याच्या हातापायाच्या नसा शाबूत आहेत का, हे पडद्यावर बघत बसायचं आणि काही बिघडतंय असं दिसलं की लगेच सांगायचं, हे माझं काम. लातूर, सोलापूर, धाराशिव, जिथून बोलावणं येईल तिथं जायचं.

"पुढच्या आठवड्यात पिट्युटरीची गाठ काढायचीय," डॉक्टर म्हणाले. "आपल्या धाराशिवातच. या वेळी हातपाय नाही, डोळे. नजरेवर लक्ष ठेवायचंय. करशील?"

"करशील म्हणजे? आत्ता बसमधून उतरून पळत येऊ का?"

ते हसले. मला मात्र जागेवर बसवेना झालं होतं. शिकताना पुण्यात मी नजरेच्या केस बघितल्या होत्या, पण मोठ्या मॅडमच्या शेजारी उभं राहून. माझ्या एकटीच्या भरवशावर एकही केली नव्हती. तुळजापूरचा फाटा येईपर्यंत मी मनातल्या मनात कुठली सुई कुठं लावायची याची तीनदा उजळणी केली होती.

हे काम नेमकं काय, ते आधी सांगते. नाकाच्या पार मागं, मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिच्या बरोबर वरून दोन्ही डोळ्यांच्या नसा जातात आणि तिथंच त्या एकमेकींना छेदतात. ग्रंथीत गाठ झाली आणि ती वर वाढली, की त्या छेदावर दाब येतो. मग माणसाला समोरचं नीट दिसतं, पण दोन्ही बाजूंच्या कडा जातात. घोड्याला झापडं लावल्यासारखं. गाठ नाकातूनच दुर्बीण घालून काढता येते. पण काढताना नसेला ओढ बसली, तर राहिलेली नजरही जाऊ शकते. आणि पेशंट तर गाढ झोपलेला. त्याला कोण विचारणार, दिसतंय का म्हणून?

ते मी विचारते. मिटलेल्या पापण्यांवर पोहायच्या चष्म्यासारखा एक चष्मा बसवायचा, त्याच्या आत बारीक लाल दिवे. दिवे लुकलुकतात, उजेड पापणीतून आत जातो, डोळ्यातून नसेत, नसेतून पार डोक्याच्या मागच्या भागात. तिथं लावलेल्या सुया त्याचा पत्ता लावतात आणि पडद्यावर एक लाट उमटते. लाट आली म्हणजे उजेड पोचला.

चष्मा नवा होता, म्हणून घरी आल्याबरोबर तो आईवर बसवला. आई तेरहून आठ दिवसांसाठी आली होती. तिला खुर्चीत बसवलं, डोक्याच्या मागं केस बाजूला करून चिकट पेस्टनं वायरी लावल्या आणि दिवे चालू केले.

"डोळं मिटलं तरी समदं लालभडक दिसतंय की गं," ती ओरडली.

"हलू नको. बोलू पण नको."

"किती येळ?"

"मिनिट-दीड मिनिट."

पडद्यावर आधी नुसतं गवत वाऱ्यावर हलावं तसं काहीतरी चाललं होतं. मग हळूहळू त्यातून एक खड्डा, एक उंचवटा, परत एक खड्डा असा आकार वर आला. अगदी पुस्तकात असतो तसा. मी टाळ्या वाजवल्या. आईनं चष्मा काढून पडद्याकडं बघितलं आणि म्हणाली, "हे माझं बघणं व्हय? एवढंसंच?" आणि केसातली पेस्ट निघेना म्हणून दोन दिवस मला बोलत राहिली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी पेशंटला भेटायला गेले. कॉटवर पंचेचाळिशीच्या आसपासच्या एक बाई ताठ बसल्या होत्या. उंच, काटक, केस करकचून बांधलेले. शेजारी त्यांचे मालक. लोहाऱ्यात त्यांचं धान्याचं दुकान. दोघं आपसात कानडीत बोलत होते, मी आत गेल्याबरोबर मराठीवर आले.

बाई लोहाऱ्याच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या आणि खो-खोच्या पंच. आमच्या जिल्ह्यात खो-खो म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. गावोगावच्या पोरी त्या खेळावर जीव टाकतात, आणि सामन्याच्या दिवशी तालुक्याला जत्रेसारखी गर्दी असते. बाई तरुणपणी स्वतः खेळलेल्या, आणि गुडघा गेल्यावर शिट्टी हातात घेतलेली.

मी माझं काम त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे मी झोपल्यावर माझ्या डोळ्यांच्या पंच तुमी."

"तसंच समजा."

"मग एक लक्षात ठेवा. शंका आली की लगेच शिट्टी मारायची. मागनं विचार करायचा. पंचानं थांबून विचार केला की गेलंच."

मी म्हटलं, बरं.

मग त्यांनी स्वतःचं सांगायला सुरुवात केली. मी विचारलंही नव्हतं, पण त्यांना ते सांगायचंच होतं.

गेल्या हिवाळ्यात तालुक्याच्या शालेय स्पर्धेत एका चुरशीच्या सामन्याला त्या पंच होत्या. पळणारी पोरगी त्यांच्या अगदी बाजूनं मैदानाच्या रेषेबाहेर गेली. दोन्ही पाय बाहेर, म्हणजे बाद. सगळ्या मैदानानं बघितलं. बाईंनी शिट्टी मारली नाही. दुसऱ्या डावात परत तसंच झालं. आणि दोन्ही वेळेला वाचलेली पोरगी निघाली लोहाऱ्याच्या संघाची.

"झालं," बाई म्हणाल्या. "तिकडचा प्रशिक्षक मैदानात घुसला. म्हणला, बाई गावच्या पोरी वाचवायल्यात. लोक वरडायले. म्या शपथेवर सांगते मॅडम, माझी मान सरळ होती, डोळे उघडे होते, आणि मला ती पोरगी दिसलीच न्हाय. पण हे कुणाला सांगू? एवढ्या जवळनं दिसली न्हाय म्हणलं तर कोण खरं मानंल?"

"मीच मानलं न्हाय," मालक खाली बघत म्हणाले.

"ह्यांनीच मानलं न्हाय. मला म्हणले, होतं माणसाचं कधी-कधी, गावाची ओढ असती."

बाईंनी त्या दिवशी शिट्टी कपाटात ठेवून दिली. परत मैदानावर पंच म्हणून उभं राहायचं नाही असं ठरवलं. त्यानंतर घरात धडका बसायला लागल्या. दाराची चौकट, दुकानातली पोती, भिंतीला टेकवलेली सायकल. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून त्या धाराशिवला डोळ्यांच्या दवाखान्यात आल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी अक्षरं वाचून घेतली. सगळी वाचली. मग त्यांनी बाईंना नाकासमोर बघायला सांगून दोन्ही बाजूंनी बोट हळूहळू पुढं आणलं. बोट दिसलं की सांगा म्हणाल्या. बाई वाट बघत बसल्या. बोट जवळजवळ नाकापुढं आलं तेव्हा त्या म्हणाल्या, आता दिसलं.

मग मेंदूचा फोटो काढला. त्यात गाठ सापडली.

"मॅडम, एक सांगू का?" बाईंचे डोळे चमकत होते. "ज्या दिवशी तो फोटो दावला ना, त्या दिवशी घरी जाऊन म्या गव्हाची गोड हुग्गी केली. शेजारी वाटली."

"गाठ निघाली म्हणून?"

"मी बेइमान न्हाय हे निघालं म्हणून! अहो, आंधळी म्हणा, काय बी म्हणा. लबाड न्हाय मी." आणि त्या मोठ्यानं हसल्या. मालकही हसले, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

ऑपरेशन होणार म्हणून घाबरलेली माणसं मी खूप बघितलीत. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी इतकं खुशीत असलेलं माणूस मात्र पहिल्यांदाच भेटत होतं. त्यांची ती खुशी मला लागली. घरी आले तरी माझ्या अंगातून जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना आत घेतलं. भूल देणाऱ्या मॅडमशी माझं आधीच बोलणं झालं होतं. नेहमीच्या भुलीच्या वायूनं नजरेची लाट दबते, म्हणून वायू नको, सगळं औषध शिरेतून द्यायचं. त्या म्हणाल्या, "तुझ्यासाठी एवढं करते, पण लाट मलाही दाखव. मी कधी बघितली नाही." त्यांनी त्यांचं स्टूल मुद्दाम माझ्या पडद्याच्या बाजूला ओढून घेतलं.

बाई झोपल्यावर मी डोक्याच्या मागं बारीक सुया बसवल्या. डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांशीही एकेक. या कोपऱ्यातल्या सुया फार कामाच्या. त्या फक्त डोळ्याची स्वतःची लाट दाखवतात, म्हणजे उजेड डोळ्यापर्यंत पोचला का ते. मागच्या सुया दाखवतात तो उजेड मेंदूपर्यंत पोचला का ते. दोन्ही बघितलं म्हणजे रस्ता नेमका कुठं अडला ते कळतं.

चष्मा बसवून चिकटपट्टीनं पक्का केला. दिवे चालू केले. उजव्या डोळ्याची लाट आली, जरा बसकी, पण स्वच्छ. डाव्या डोळ्याची यायला वेळ लागला. आली तीही लहान, उशिरा, दमल्यासारखी. दाब तिकडच्या बाजूला जास्त होता.

"काय म्हणतायत डोळे?" हात धुवून आलेल्या डॉक्टरांनी विचारलं.

"दोन्ही आहेत. डावा अशक्त आहे, पण आहे."

"आहे ना? मग सांभाळू त्याला."

काम सुरू झालं. नाकातून दुर्बीण आत गेली आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लाल-गुलाबी बोगदा दिसायला लागला. सगळ्यांच्या माना तिकडं, माझी एकटीची माझ्या छोट्या पडद्याकडं. मधूनमधून रक्त थांबवण्यासाठी चटका देणारं हत्यार चालायचं आणि माझ्या लाटांचा नुसता गिचमिड कचरा व्हायचा. तेवढ्यापुरतं मी थांबायची, मग परत मोजायची.

डॉक्टर हाड पातळ करून गाठीच्या तोंडापर्यंत पोचायच्या बेतात होते आणि दोन्ही लाटा एकदम सपाट झाल्या.

बाईंचं वाक्य कानात होतं, शंका आली की लगेच. "सर, थांबा. दोन्ही गेल्या."

सगळे थांबले. डॉक्टरांनी हत्यार बाहेर काढलं. मी कोपऱ्यातल्या सुयांकडं बघितलं. तिथंही सपाट. म्हणजे उजेड डोळ्यातच जात नव्हता. मी वाकून कापडाखाली हात घातला. डोक्यावरचं हिरवं कापड सारखं करताना कुणाचा तरी हात लागून चष्मा कपाळावर सरकला होता. दिवे बिचारे भुवयांना उजेड दाखवत होते.

"चष्मा सरकला," मी म्हटलं. माझ्या आवाजाची मलाच लाज वाटली.

भूल देणाऱ्या मॅडम खुदकन हसल्या. डॉक्टर मात्र हसले नाहीत. "बरं झालं सांगितलंस," एवढंच म्हणाले. "चष्म्यासाठी दहा वेळा थांबवलंस तरी चालेल." मी चष्मा परत बसवला, आणखी पट्ट्या लावल्या. लाटा परत आल्या. मीही परत माझ्या जागेवर आले.

मग गाठ उघडली. मऊ होती, नळीनं ओढली जात होती. आत पोकळी वाढत गेली तसं वरचं आवरण हळूहळू खाली उतरायला लागलं. डॉक्टर बोलत होते, "उतर, उतर, ये खाली." आणि माझ्या पडद्यावर जे व्हायला लागलं ते मी फक्त वाचलेलं होतं. डाव्या डोळ्याची ती दमलेली लाट वाढायला लागली. एक मोजणी, दुसरी मोजणी, तिसरी. दर वेळेला उंचवटा जरा वर.

"मॅडम, बघा," मी भूल देणाऱ्या मॅडमना कुजबुजत म्हटलं.

त्यांनी स्वतःचा चष्मा सारखा केला. "हे वाढतंय का?"

"वाढतंय. दाब सुटतोय." मला कुजबुजणं जमेना. "सर, डावा सुधारतोय!"

"काय सांगतेस!" डॉक्टरांनी मान वळवली नाही, पण आवाजात हसू होतं. "थांब, अजून थोडं राहिलंय."

ते जे थोडं राहिलं होतं, तिथंच खरा प्रसंग आला.

वरच्या बाजूला, डावीकडं गाठीचा एक पातळ पापुद्रा राहिला होता. तो सुटला की सगळी गाठ निघाली. डॉक्टर अगदी हलक्या हातानं तो सोडवत होते. मी मोजणी चालू ठेवली होती. पुढची लाट आली तेव्हा डावा उंचवटा निम्म्याहून कमी झाला होता. मी पुढच्या मोजणीची वाट बघितली नाही.

"सर, डावा पडला."

"किती?"

"निम्म्याच्या खाली."

"चष्मा?"

मी कोपऱ्याच्या सुयांकडं आधीच बघितलं होतं. "चष्मा ठीक आहे. डोळ्यात उजेड जातोय. पुढं पोचत नाहीय."

डॉक्टरांनी पापुद्रा सोडून दिला आणि हत्यार बाहेर घेतलं. "दाब किती आहे?" त्यांनी भूल देणाऱ्या मॅडमना विचारलं.

"रक्तदाब जरा उतरलाय. वाढवते." त्या त्यांच्या पंपाकडं वळल्या होत्याच.

"कोमट सलाईन द्या." डॉक्टरांनी आतली जागा हळूच धुतली. मग हात मागं घेतले, छातीशी धरले आणि उभे राहिले. "आता बघ. घाई करू नको."

घाई करून काही होणारच नव्हतं. एका लाटेला मिनिट-दीड मिनिट लागायचंच. दिवे लुकलुकत होते, मशीन एकेक उत्तर गोळा करून त्यांची बेरीज करत होतं. खोलीत फक्त पंपाची टिकटिक आणि मॉनिटरची पिकपिक. पहिली लाट आली. सपाट. आधीपेक्षाही सपाट.

"नाही," मी म्हटलं.

"परत."

मला खोटं सांगायचं नाही, त्या वेळी मी घाबरले होते. पण भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी जास्त होतं. मैदानावर आपल्या बाजूची शेवटची पोरगी पळत असते तेव्हा बघणाऱ्याला जसं होतं, तसं. ये, ये, ये. मी ओठ दाबून ते म्हणत होते.

दुसरी लाट. तिथं काहीतरी होतं. इतकं बारीक, की मी ते आहे म्हणायला धजेना. भूल देणाऱ्या मॅडमनी पडद्यावर बोट ठेवलं. "हे?"

"बहुतेक. सर, बहुतेक येतंय. अजून एकदा."

तिसऱ्या लाटेला बोट ठेवायची गरज पडली नाही. उंचवटा वर आला होता. चौथीला तो दाब सुटल्यावर जेवढा झाला होता, जवळजवळ तेवढा झाला.

"आला!" मी ओरडलेच. "सर, आला परत! सगळा आला!"

मास्कमागं सगळेच हसत होते. सिस्टरनी हत्याराच्या ताटावर बोटांनी ताल धरला. डॉक्टरांनी एक लांब श्वास सोडला आणि मग मोठ्या पडद्यावरच्या त्या पापुद्र्याकडं बघत उभे राहिले.

"तो नसेला चिकटलाय," ते म्हणाले. "मी ओढला की नस ओढली जातेय. राहू दे तिथं. पुढं फोटो काढत राहू, वाढला तर इलाज आहेत. नजरेला इलाज नाही."

असा तो पापुद्रा तिथंच सोडला. बंद करेपर्यंत मी मोजत राहिले. दोन्ही डोळे शेवटपर्यंत उत्तर देत होते.

पण खरी गोष्ट सांगायची तर लाट फक्त एवढंच सांगते, की उजेड पोचतोय. माणसाला काय दिसतंय, किती दिसतंय, हे ती सांगत नाही. म्हणून मशीन आवरून झालं तरी मी घरी गेले नाही. बाई जाग्या होईपर्यंत अतिदक्षता विभागाच्या दाराशी मालकांच्या शेजारी बसून राहिले. ते मला सारखं चहा घ्या म्हणत होते आणि स्वतः घेत नव्हते.

दुपारनंतर आम्हाला आत बोलावलं. बाईंच्या नाकात बोळे, तोंडानं श्वास चाललेला, चेहरा सुजलेला. डोळे घट्ट मिटलेले. डॉक्टरांनी हाक मारली, "बाई, डोळे उघडा बरं."

बाईंनी डोळे किलकिले केले, लगेच मिटले आणि कानडीत काहीतरी पुटपुटल्या. आवाजात राग होता.

डॉक्टरांना कानडी येत नाही. मलाही नाही. आम्ही दोघांनी एकदमच मालकांकडं बघितलं. मालकांचं तोंड कसंनुसं झालं होतं.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"दिवा बंद करा म्हणतीया. डोळ्यावर येतोय म्हणं."

डॉक्टर आणि मी एकमेकांकडं बघून असे हसलो, की पलीकडच्या कॉटवरचा पेशंट मान उचलून बघायला लागला. सिस्टर धावत दिवा बंद करायला निघाल्या. डॉक्टर म्हणाले, "थांबा, थांबा, दोनच मिनिटं असू द्या." मग त्यांनी बाईंना नाकासमोर बघायला सांगितलं आणि बाजूनं बोट पुढं आणलं. डावीकडून. बोट अजून कानापासून फार पुढं आलं नव्हतं.

"व्हय, दिसलं," बाई मराठीत म्हणाल्या. "बोट हलतंय."

उजवीकडून तर त्याहून लवकर. मालकांनी कॉटच्या दांड्याला धरून ठेवलं होतं. ते बाईंशी कानडीत काहीतरी बोलले. काय ते मी विचारलं नाही.

पुढचे दिवस सगळे सरळ गेले असं नाही. बाईंना फार तहान लागायची, लघवीला फार जायच्या, त्यामुळं त्यांना ठरल्यापेक्षा जास्त दिवस हॉस्पिटलात ठेवलं. त्या ग्रंथीवर हात पडला की असं होतं. तेही थांबलं. काही आठवड्यांनी डोळ्यांच्या दवाखान्यात नजरेच्या कडा मोजल्या. एका वाडग्यासारख्या मशीनमध्ये डोकं घालायचं, ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी मुद्दाम सुट्टी काढून गेले होते. आधीच्या कागदावर दोन्ही बाजू काळ्याकुट्ट होत्या. नव्या कागदावर उजवी बाजू जवळजवळ पांढरी झाली होती. डाव्या डोळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक राखाडी डाग राहिला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तो कदाचित जाईल, कदाचित राहील.

"राहिला तर राहू दे," बाई म्हणाल्या. "तितं वर कोण पळतंय?"

मग त्यांनी मला लोहाऱ्याला जेवायला बोलावलं. मी एका रविवारी गेले. त्यांच्या घरी शेंगाची पोळी, आणि मालक वाढता वाढता थांबेनात. शिट्टी अजून कपाटातच होती. खो-खोच्या संघटनेकडं त्यांनी तपासणीचे कागद दिले होते, तिकडून अजून एक तपासणी मागितली होती आणि ती बाईंना मान्य होती. "बरोबर हाय त्यांचं," त्या म्हणाल्या. "पंचाची नजर तपासलीच पायजे. म्या तर म्हणते समद्यांचीच तपासा." सध्या शाळेच्या मैदानावर पोरींचा सराव त्या घेत होत्या.

त्या दुसऱ्या संघाच्या प्रशिक्षकाचं काय झालं, असं मी विचारलं.

"फोन आलता त्याचा. अर्धा तास बोलला. तब्येत कशी हाय, काय खाता, पाऊस हाय का तिकडं. त्या सामन्याचं काय बोलला न्हाय."

"आणि तुम्ही?"

"मी बी न्हाय. पाऊस हाय म्हणलं." त्यांनी माझ्या ताटात आणखी एक पोळी टाकली. "एवढा फोन केला, ते काय कमी हाय?"

निघायच्या वेळेला त्या म्हणाल्या, मी जीपच्या थांब्यावर सोडते. दारात त्यांची स्कूटी उभी होती. डॉक्टरीणबाईंनी आता चालवा म्हणून परवानगी दिल्याला जेमतेम आठवडा झाला होता. मालक म्हणाले, मीच सोडतो की. बाईंनी ऐकलंच नाही. मी पेटी आणली नव्हती, म्हणून मागं बसले.

रविवार म्हणजे बाजाराचा दिवस. रस्त्यावर भाजीवाले, शेळ्या, उभ्या जीपा, मधूनच येणारी एसटी. बाईंनी हॉर्न वाजवत स्कूटी त्यातून घातली आणि मान एवढीही न वळवता सांगायला सुरुवात केली.

"डावीकडं वांग्याचा ढीग. त्याच्या पल्याड म्हातारा बिडी वढतोय. उजवीकडं लाल ओढणीवाली पोरगी, मोबाइलवर बोलतीया. डावीकडं शेळी. काळी. गाबण हाय."

"बाई, समोर बघा, समोर!" मी त्यांच्या खांद्याला घट्ट धरलं होतं.

"समोरच बघायले की! समोर बघूनच दिसायलंय ना हे समदं!"

मी हसत होते की किंचाळत होते ते मलाच कळत नव्हतं. त्यांनी स्कूटी थेट जीपच्या थांब्यात नेऊन उभी केली. तुळजापूरकडं जाणारी जीप भरत आली होती, ड्रायव्हर मागं दाटीवाटीनं माणसं बसवत होता. बाई त्याच्याशी भांडल्या, ह्या लई मोठ्या मॅडम हायत म्हणाल्या, आणि मला पुढची जागा मिळवून दिली. जीप निघाली तरी त्या ड्रायव्हरला हळू चालव म्हणून बजावत थांब्यावर उभ्या होत्या.